आपल्या घराची वही आपणच लिहावी

जून महिना उजाडला की पुलगावसारख्या गावात दोन प्रकारची धावपळ सुरू होते. शेतकरी बी-बियाण्यासाठी धावतो आणि आपला समाजबांधव कागदासाठी धावतो. मुलगा बारावी पास झाला, मुलीचा नंबर इंजिनिअरिंगला किंवा नर्सिंगला लागला, की लगेच प्रश्न उभा राहतो जात वैधता प्रमाणपत्राचा. अर्जासोबत वंशावळीचे शपथपत्र पाहिजे. बाप, आजा, पणजा, चुलते, चुलत चुलते यांची नावे झाडासारखी मांडून द्या. त्यातल्या कुणाचा तरी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा जोडा. आणि मग ज्या घरात तीन पिढ्यांत कुणी "पणजोबाचे नाव काय?" असे विचारलेले नसते, त्या घरात रात्री दहा वाजता म्हाताऱ्या आजीला उठवून विचारले जाते, "आजी, आज्याच्या बापाचं नाव काय होतं?" आजी आठवायचा प्रयत्न करते. कधी आठवते, कधी आठवत नाही. ज्या वर्षी आठवत नाही, त्या वर्षी एका हुशार पोराचा किंवा पोरीचा प्रवेश धोक्यात येतो.

आम्हाला आज याच विषयावर समाजाशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. वंशावळ हा विषय आपल्या चळवळीत फारसा बोलला जात नाही. मोर्चा, सभा, जयंती, धम्म परिषद यांत आपण कधी कमी पडलो नाही. पण आपल्या स्वतःच्या घराण्याचा कागद जपण्यात मात्र आपण कमी पडलो, हे कबूल केले पाहिजे. आणि त्याची किंमत आपली लेकरे मोजत आहेत.

आधी कायद्याची बाजू समजून घेऊ. अनुसूचित जातींसंबंधीचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला. म्हणून त्या दिवशी आपले पूर्वज कोणत्या जातीचे होते आणि कुठे राहत होते, हे दाखवावे लागते. शासकीय भाषेत याला मानीव दिनांक म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली. महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, तो ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. आता जिल्ह्याजिल्ह्यात समित्या आहेत. आमचा पडताळणीला विरोध नाही, हेही येथे सांगून टाकतो. खोटे दाखले काढून आपल्या आणि आदिवासी बांधवांच्या जागा लाटणाऱ्या टोळ्या या राज्यात होत्या आणि आहेत. खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी टिकणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला, त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण चोर पकडण्यासाठी लावलेल्या जाळ्यात घरधनीच अडकावा, हा कुठला न्याय?

घरधनी का अडकतो? कारण पुरावा हा नेहमी मालमत्तेच्या मागे चालतो. ज्याच्याकडे शेती, त्याच्याकडे खसरा, हक्कनोंद, सातबारा. ज्याच्याकडे वाडा, त्याच्याकडे खरेदीखत. ज्याचा बाप १९३० साली शाळेत गेला, त्याच्याकडे शाळेचा दाखला. आपल्या बापजाद्यांकडे शेती नव्हती, वाडा नव्हता आणि शाळेच्या पायरीवर उभे राहण्याचीही त्यांना मुभा नव्हती. व्यवस्थेने ज्यांना कागदापासून हजारो वर्षे दूर ठेवले, त्यांच्याकडेच आज व्यवस्था सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा कागद मागते! ब्राह्मणाच्या मुलाला त्याची जात सिद्ध करायला कुणी सांगत नाही. ज्याच्या अंगावर जात जन्मापासून लादली गेली, त्यानेच ती लादली गेल्याचा पुरावा दाखवायचा आहे.

त्यात नावांचा घोळ वेगळा. जुन्या मध्यप्रांतातल्या दप्तरात आपल्या माणसाची नोंद कशी सापडते? नाव, मग "वल्द", मग बापाचे नाव आणि शेवटी जात. आडनाव नाहीच. नावही माणसाचा मान राखून लिहिलेले नाही. धोंडबाचा धोंड्या, सखारामाचा सख्या, लक्ष्मणाचा लक्ष्या. आडनाव पुढे शाळेत, गिरणीत किंवा पलटणीत नाव घालताना आले. एका भावाने गावाच्या नावावरून लावले, दुसऱ्याने घराण्याचे जुने सांगितले, तिसऱ्याचे मास्तराने वाटेल तसे लिहिले. मग १९५६ नंतर नावे बदलली. घरात गौतम, सिद्धार्थ, राहुल, सुजाता जन्माला आले आणि शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात "बौद्ध" लागले. ते योग्यच झाले. परंतु आता समितीपुढे आज्याची नोंद "महार" आणि नातवाची "बौद्ध", आज्याचे आडनाव नाही आणि नातवाचे आहे, दोन चुलत भावांची आडनावे दोन. समिती त्रुटी काढते आणि फाईल थांबते. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले, आणि त्या सवलतीपर्यंत पोचायचा रस्ता अजूनही आज्याच्या "महार" या नोंदीवरूनच जातो. ज्या शब्दाचा आपण त्याग केला, तोच शब्द जुन्या वहीत शोधत आपण कचेऱ्यांचे उंबरे झिजवतो आहोत.

पुलगावची अडचण तर आणखीच मोठी आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. पुलगाव हे जुने मूळ गाव नव्हे. वर्धा नदीवर रेल्वेचा पूल झाला आणि त्या पुलाने या गावाला नाव दिले. कापसाचा व्यापार आला, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कापडाची गिरणी उभी राहिली. १९१७ साली आर्वीकडे जाणारी छोटी रेल्वे सुरू झाली, ती आता इतिहासजमा झाली. पुढे लष्कराचा प्रचंड दारूगोळा डेपो आला. म्हणजे पुलगाव हे पोट भरायला आलेल्यांचे गाव आहे. आपले लोक येथे आले ते गिरणीत काम मिळते म्हणून, रेल्वेत हमाली मिळते म्हणून, डेपोत नोकरी मिळते म्हणून. विदर्भातील आपला समाज पूर्वी जाडेभरडे कापड विणत असे. यंत्राने हातमाग मोडला आणि त्याच समाजाला यंत्रापुढे उभे केले. नागपूरची एम्प्रेस मिल असो, हिंगणघाटची असो की पुलगावची, विणकराच्या नातवाने तिथे साचा चालवला. गिरणीचे सुगीचे दिवस संपूनही आता कैक वर्षे झाली. त्या कामगारांची नातवंडे पुण्या-मुंबईला, हैदराबादला, काही परदेशातही गेली. आता त्यांना पुरावा पाहिजे तो पुलगावचाही नाही, तर पणजा ज्या खेड्यातून उठून पुलगावला आला त्या खेड्याचा. ते खेडे कोणते, हेच अनेक घरांत माहीत नाही.

पुन्हा ते खेडे नदीच्या कोणत्या काठाला, यावर सगळे अवलंबून. वर्धा नदी ही एके काळी दोन राज्यव्यवस्थांची सीमा होती. पुलगावच्या बाजूला मध्यप्रांत आणि मालगुजारी. पलीकडे धामणगाव, चांदूरच्या बाजूला वऱ्हाड, तिथे रयतवारी. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला तरी दप्तराच्या पद्धती वेगळ्याच राहिल्या. म्हणून एकाच घराण्यातील दोन चुलत भावांचे कागद एकाचे वर्ध्याच्या अभिलेख कक्षात आणि दुसऱ्याचे अमरावतीच्या, असे होऊ शकते. शिवाय जुन्या काळी वर्धा जिल्ह्यात वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट या तीनच तहसिली होत्या. देवळी तालुका नंतरचा. त्यामुळे "देवळीच्या कचेरीत सापडले नाही" म्हणून हताश होऊन घरी परतणाऱ्या बापाला कुणीतरी सांगायला पाहिजे की, बाबा, तुझा शोध अजून संपलेला नाही, वर्ध्याला जा. पण हे सांगणारा माणूस गावात नाही. सांगणारा असतो तो दलाल, आणि तो फुकट सांगत नाही.

आता एक गोष्ट अशी सांगतो की जी आपल्या प्रत्येक तरुणाने मनावर कोरून घ्यावी. विदर्भात समितीपुढे जो जुना कागद वजनदार मानला जातो, त्यांपैकी एक आहे कोतवाल पंजी, म्हणजे कोतवालाचे बुक. मध्यप्रांतातील खेड्यात कोतवाल हा गावचा राखणदार. गावात कोण जन्मले, कोण मेले, याची वर्दी ठाण्यावर देणे हे त्याचे काम. आणि हा कोतवाल कोण असे? नागपूर-वर्ध्याच्या पट्ट्यात तो बहुतेक वेळा आपलाच माणूस असे. काखेत वही मारून, ऊन असो की पूर असो, कोस दोन कोस चालत तो ठाण्यावर जाई. बहुधा त्याला स्वतःला अक्षर येत नसे. लिहिणारा दुसराच असे. पाटलाच्या घरचा जन्म, मालगुजाराच्या घरचा मृत्यू, तेल्याचा, कुणब्याचा, ब्राह्मणाचा, साऱ्या गावाचा वंश त्याने आपल्या पायांनी ठाण्यापर्यंत पोचवला. आज कुणी आपली जुनी जात सिद्ध करायला कोतवाल पंजीची नक्कल काढतो, तेव्हा त्याने हे आठवावे की ही वही एका अस्पृश्य माणसाने वाहिलेली आहे. साऱ्या गावाची वंशावळ ज्याने वाहिली, त्याच्या नातवाकडे आज स्वतःची वंशावळ नाही. यापेक्षा मोठी विटंबना कोणती?

दुसरीकडे पाहा. या महाराष्ट्रात ब्राह्मण घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले. जाडजूड ग्रंथ! पंधरा-पंधरा पिढ्यांची नावे, कोण कुठे नोकरीला होता, कुणाची सोयरीक कुठे झाली, सगळे व्यवस्थित. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या वह्यांत सवर्ण यात्रेकरूंच्या पिढ्या नोंदलेल्या. नाशिकला त्र्यंबकला गेला, वही उघडली, आज्याची सही सापडली! आपला आजा नाशिकला गेला तो १९३० साली, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात दगड खायला. त्याचे नाव उपाध्याच्या वहीत कुठून येणार? पुण्यात १९१० सालीच भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, राजवाड्यांनी खेडोपाडी फिरून दप्तरे गोळा केली. आपल्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामची बापू कुटी जशीच्या तशी जपली आहे, देशोदेशीचे लोक ती पाहायला येतात. त्यांनी त्यांचे जपले, त्यात आम्हाला काही गैर वाटत नाही. प्रश्न आम्ही आम्हालाच विचारतो. त्याच जिल्ह्यातील एका तरी वस्तीने आपल्या माणसांची साधी यादी जपली आहे काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला पुलगावातून कोण गेले, रेल्वेने गेले की पायी, कुणी दागिना विकून पांढरे लुगडे घेतले, हे लिहून ठेवलेले आहे काय? ती पिढी आता जवळजवळ संपली आहे.

येथे काही जागरूक कार्यकर्ते आक्षेप घेतील आणि तो घ्यायलाच पाहिजे. ते म्हणतील, आपण बौद्ध झालो, जात सोडली, मग आता वंशावळीचे हे खूळ कशाला? कुळ, वंश, घराणे ही तर मनुवादी शिकवण! माणूस जन्माने नव्हे, कर्माने ओळखला जातो, हेच तर भगवान बुद्धांनी सांगितले. हा आक्षेप खरा आहे. आम्ही त्यात आणखी एक धोका जोडतो. आपल्याच समाजात बावणे, लाडवन, बारके, सोमवंशी अशा पोटजाती होत्या. धम्मक्रांतीनंतर त्या मरायला पाहिजे होत्या, पण लग्न जमवताना आजही काही घरांत दबक्या आवाजात विचारणा होते. वंशावळीच्या निमित्ताने हे मढे पुन्हा उकरून काढले गेले, तर बाबासाहेबांच्या धर्मांतरालाच आपण हरताळ फासला असे होईल. म्हणून आम्ही निक्षून सांगतो, आपल्या वहीत पोटजातीचा रकाना असता कामा नये. कुणी सांगितली तरी ती लिहू नये.

पण वंशाचा अभिमान वेगळा आणि वंशाचा इतिहास वेगळा. कुलवृत्तांतात माणूस आपण किती उंच होतो हे शोधतो. आपल्याला शोधायचे आहे ते आपण कुठून कसे वर आलो हे. बाबासाहेबांनी स्वतः "शूद्र पूर्वी कोण होते?" आणि "अस्पृश्य मूळचे कोण?" हे प्रश्न विचारून १९४६ आणि १९४८ साली ग्रंथ लिहिले. बौद्ध होणे म्हणजे पूर्वज विसरणे, असा अर्थ त्यांनी कधी सांगितला नाही. जो समाज आपला इतिहास विसरतो तो इतिहास घडवू शकत नाही, हे वाक्य आपण प्रत्येक जयंतीला फलकावर लिहितो. मग तो इतिहास फक्त महाडचा, नाशिकचा आणि नागपूरचाच काय? पुलगावच्या गिरणीत बारा तास उभी राहून ज्या आजीने तुमच्या बापाला मॅट्रिक केले, ती इतिहासात बसत नाही काय?

आजीचा विषय निघाला म्हणून सांगतो. शासनाच्या वंशावळीत आजी नाहीच! वडिलांकडचे रक्तनाते तेवढे पाहिजे. मुलगी लग्न होऊन गेली की त्या झाडावरून गळून पडते. ज्या बाईला नवऱ्याने टाकले आणि जिने एकटीने लेकरे वाढवली, तिच्या लेकरांना बापाकडच्या कागदासाठी त्याच बापाच्या भावकीपुढे हात पसरावे लागतात. आंतरजातीय विवाहातील मुलांची जात केवळ बापावरून ठरवता येणार नाही, ते मूल कोणत्या परिस्थितीत वाढले ते पाहावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली गुजरातच्या एका प्रकरणात सांगितले. तरीही कचेरीच्या टेबलावर अजून बापच मागितला जातो. हिंदू कोड बिलासाठी ज्या महामानवाने मंत्रिपद सोडले, त्याच्या अनुयायांनी तरी घरच्या वहीत ही चूक करू नये. आपल्या वहीत आईचे नाव, तिचे माहेर, तिच्या आईचे नाव आलेच पाहिजे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांना भेटून, त्यांना बोलते करून "आम्हीही इतिहास घडवला" हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केले. त्या दोघी त्यांच्या दारात जाऊन बसल्या नसत्या, तर त्या साऱ्या आठवणी त्या बायांबरोबरच गेल्या असत्या. हेच काम प्रत्येक वस्तीत व्हायला पाहिजे.

जगात असे कुणी केले आहे काय? केले आहे. अमेरिकेतील काळ्या बांधवांची अवस्था आपल्यासारखीच होती. तिकडच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नोंद बहुधा नावाशिवाय होती. अमक्या मालकाकडे इतके पुरुष, इतक्या बाया, एवढेच. जनावरे मोजावीत तसे मोजले. १८७० च्या जनगणनेत सारे मुक्त झालेले गुलाम पहिल्यांदा नावानिशी आले. म्हणून काळा माणूस आपला आजा-पणजा शोधत मागे निघाला की १८७० पाशी त्याच्यापुढे भिंत उभी राहते. आपल्यापुढे १९५० ला उभी राहते तशी. पण ते भिंतीपाशी रडत बसले नाहीत. १९७६ साली अॅलेक्स हेली यांचे "रूट्स" आले, त्याने घराघरांत शोधाची ओढ लावली. १९७७ साली वॉशिंग्टनमध्ये काळ्या लोकांची स्वतःची वंशेतिहास संस्था निघाली. गुलामगिरी संपल्यानंतर मुक्त लोकांसाठी जे सरकारी खाते होते, त्याची जुनी दप्तरे हजारो स्वयंसेवकांनी एकेक नाव वाचून उतरवून काढली आणि २०१६ साली ते काम पुरे केले. आज ती नावे कुणालाही शोधता येतात. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य सांगितले होते. ब्लॅक पँथरवरून आपण १९७२ साली दलित पँथर हे नाव घेतले. त्यांच्याकडून लढाऊपणा घेतला, आता थोडी चिकाटीही घ्यावी.

आता शासनाकडे वळू. जुनी दप्तरे शोधणे अवघड आहे, कागद जीर्ण झाले आहेत, मोडी वाचणारे नाहीत, मनुष्यबळ नाही, ही उत्तरे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. पण सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि चमत्कार झाला! तहसील, भूमी अभिलेख, शाळा, जन्ममृत्यूची रजिस्टरे, सगळी दप्तरे उघडली. मोडी वाचक मिळाले. कोट्यवधी नोंदी तपासल्या गेल्या. सापडलेल्या नोंदी लोकांना पाहायला उपलब्ध झाल्या. म्हणजे हे काम शासनाला करता येते, ही गोष्ट शासनानेच सिद्ध केली आहे. आमचे म्हणणे इतकेच की, ज्या पानावर कुणब्याची नोंद आहे त्याच पानावर खाली महाराची, मांगाची, चांभाराची, गोंडाची नोंद आहे. मग ती वाचताना डोळे का मिटले? एका समाजासाठी राज्य स्वतः वही घेऊन दारात येते आणि दुसऱ्या समाजाने मात्र नकलेच्या अर्जावर तिकीट चिकटवून महिनोन्‌महिने वाट पाहावी, हा पंक्तिप्रपंच आहे. आमचे कुणा समाजाशी भांडण नाही. त्यांच्यासाठी जे केले ते आमच्यासाठीही करा, एवढीच मागणी आहे. वर्धा जिल्ह्यातील सर्व कोतवाल पंज्या, १९५० पूर्वीची शाळांची दाखलखारीज रजिस्टरे आणि महसुली नोंदी संगणकावर आणून गाववार खुल्या करा. बार्टीसारखी संस्था बाबासाहेबांच्या नावाने चालते, तिने यात पुढाकार घ्यावा. आणि घरातील एका रक्तनात्याला वैधता मिळालेली असेल, त्यात लबाडी नसेल, तर दुसऱ्याची पुन्हा तीच चौकशी नको, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितले आहे. त्याची अंमलबजावणी प्रत्येक टेबलावर झाली पाहिजे.

परंतु शासनाकडे बोट दाखवून आपली जबाबदारी संपत नाही. पुलगावात बुद्ध विहारे आहेत. रविवारी वंदना होते, वर्षावासात ग्रंथवाचन होते. त्याच विहारात महिन्यातून एक दिवस घराण्याच्या नोंदीसाठी का ठेवू नये? त्याला पैसा लागत नाही. एक जाड वही, दोन-चार लिहिते तरुण आणि म्हाताऱ्यांना मान देऊन ऐकण्याची तयारी, एवढेच लागते. प्रत्येक घराला दोन पाने द्यावी. पहिल्या पानावर घराचे झाड, बायांसकट. दुसऱ्या पानावर हकीकत. मूळ गाव कोणते, नदीच्या अलीकडचे की पलीकडचे, तेव्हाची तहसील कोणती. पुलगावला कोण आले, कशासाठी आले. आडनाव केव्हा लागले, आधी काय सांगत, भावांची आडनावे वेगळी का. शाळेत पहिला कोण गेला, कोणत्या शाळेत. गिरणीत, रेल्वेत, डेपोत, पलटणीत कोण होता. दीक्षा कुणी घेतली. म्हाताऱ्या माणसाचा आवाज मोबाइलमध्ये भरून ठेवावा. आता तर प्रत्येक पोराच्या खिशात ते यंत्र आहे.

दुसरे काम कागदांचे. शाळेचा जुना दाखला, गिरणीचे ओळखपत्र, पलटणीतून सुटल्याचा कागद, पेन्शनचे पुस्तक, जुनी लग्नपत्रिका, काही फेकू नये. मूळ कागद घरीच राहावा, विहारात त्याची प्रत ठेवावी. कुणाचा आधार क्रमांक, बँकेचा कागद या वहीत नको. आणि ही वही कुणा पुढाऱ्याच्या कपाटात जाता कामा नये. निवडणूक आली की यादी म्हणून ती वापरली जाईल, हा धोका आहे. तिसरे काम शोधाचे. दोन-तीन तरुणांनी मोडी शिकावी. राज्याच्या पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे वर्ग होतात, नागपूरला अभिलेखागार आहे. ज्या लिपीत आपल्या आज्याला "धोंड्या" लिहिले, ती लिपी त्याच्या पणतीने वाचावी आणि वहीत "धोंडबा" असे मानाने लिहावे. समितीला द्यायच्या कागदात मात्र जुनी नोंद आहे तशीच द्यावी, तिथे खाडाखोड नको. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. कचेरीने "दप्तर उपलब्ध नाही" असे तोंडी सांगितले तर ते लेखी मागावे.

आणि हे सगळे अकरावीतच सुरू करावे. प्रवेशाची यादी लागल्यावर नाही. ज्या घरात एकाला वैधता मिळाली आहे, त्याने आपली फाईल चुलत भावाला, दूरच्या भावकीला मोकळ्या मनाने द्यावी. जुन्या भांडणापायी कागद अडवून ठेवणारे महाभाग आपल्यात आहेत, हे लिहितानाही आम्हाला शरम वाटते. आज्याचा कागद कुणा एकाच्या मालकीचा नसतो.

आमची मुख्य अपेक्षा समाजातील नोकरदार वर्गाकडून आहे. आरक्षणामुळे तुम्ही कचेरीत टेबलाच्या त्या बाजूला बसला आहात. अर्ज कसा लिहायचा, नक्कल कुठे मिळते, त्रुटीला उत्तर कसे द्यायचे, हे तुम्हाला माहीत आहे. गिरणीतून घरी बसलेल्या कामगाराच्या नातवाला ते माहीत नाही. महिन्यातला एक रविवार विहारात बसून दहा अर्ज तपासून दिले, तर दलालाचे दुकान आपोआप बंद होईल. "समाजाचे ऋण फेडा" असे बाबासाहेब सांगून गेले, त्याचा याहून सोपा हप्ता नाही. वसंत मून यांनी सरकारी नोकरी सांभाळून बाबासाहेबांचे आणि चळवळीचे विखुरलेले कागद गोळा केले. वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू नागपूरजवळ चिंचोलीच्या शांतिवनात जपल्या. त्यांनी वेळ मिळाला म्हणून हे केले नाही, वेळ काढला म्हणून झाले.

शेवटी साताऱ्याच्या एका पानाची आठवण देतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरमध्ये नाव आहे भिवा, बापाचे नाव रामजी. घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ, गाव आंबडवे. पुढे हा मुलगा जगाला बाबासाहेब आंबेडकर म्हणून माहीत झाला. शाळेने ते रजिस्टर जपले म्हणून ते पान आज आहे, आणि त्या दिवसाला २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिनाचा मान आहे. पुलगावच्या, देवळीच्या, आर्वीच्या, धामणगावच्या एखाद्या शाळेच्या अंधाऱ्या कपाटात तुमच्याही आज्याचे असेच एक पान पडलेले असेल. वाळवी ते खाण्याआधी तिथे पोचा. आणि त्याआधी घरी जा, आजीजवळ बसा आणि विचारा. पोराच्या प्रवेशासाठी म्हणून नव्हे, ती माणूस म्हणून कोण होती हे कळावे म्हणून विचारा. आजवर आपले नाव दुसऱ्यांनी लिहिले, वाटेल तसे लिहिले. आता आपल्या घराची वही आपणच लिहू या.

जय भीम!